खालचा कप्पा

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फ्रिज उघडला तर अकरा पिशव्या. तीनशे खाटांचं इस्पितळ, दोन ऑपरेशन थिएटर, बाळंतिणींचा वॉर्ड, आणि रक्त अकरा पिशव्या. त्यातल्या चार एबी गटाच्या, ज्यांना सहसा कुणी विचारत नाही. ओ गटाची एकच, तिच्यावर सगळे डॉक्टर डोळा ठेवून आहेत.

आमचा नियम सोपा आहे. एक पिशवी न्या, बदल्यात घरचं एक माणूस रक्त द्यायला आणा, गट कुठलाही चालेल. नियम सोपा, माणसं अवघड. आज एका पेशंटचे तीन भाऊ आले, एकेक दारात मावेना असा. एकानं सकाळपासून खाल्लं नव्हतं, दुसऱ्याला उद्या प्रवास होता, तिसरा ‘गाडी नीट लावून येतो’ म्हणाला आणि हातावर तुरी देऊन पसार झाला. शेवटी रक्त दिलं त्यांच्या बहिणीनं. बिचारी वजनाच्या काट्यावर जेमतेम भरली.

रक्त घेण्याआधी प्रश्न विचारावे लागतात. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का, नशेच्या सुया टोचल्यात का, बाहेर कुठे संबंध आहेत का. त्यासाठी आमच्याकडे एक आतली खोली आहे. तिच्यात चार वर्षांपासून बंद पडलेला फ्रिज आणि मोडक्या खुर्च्या आहेत. मी आपली दारातल्या टेबलाशी विचारते, खणखणीत आवाजात, घरचे शेजारी उभे असताना. आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर, मोठ्या बाई, एकदा म्हणाल्या होत्या की ती खोली रिकामी करून घ्या. मी म्हटलं, बाई, एकट्यानं माणूस वाट्टेल ते ठोकून देईल, घरच्यांच्या तोंडावर खोटं बोलायला मात्र छाती लागते. त्या हसल्या आणि विषय संपला. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलाशी एकाही माणसानं कुठल्याच प्रश्नाला ‘हो’ म्हटलेलं नाही. आमच्याकडे येतात ती घरंदाज माणसं असतात, एवढाच त्याचा अर्थ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सूनबाईची सोनोग्राफी झाली. वार खाली आहे, बाळाची वाट अडवून बसली आहे. अठरा तारखेला सिझेरियन करायचं आणि तीन पिशव्या हाताशी असल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे आता मीच माझ्या टेबलाच्या पलीकडे उभी. बदली रक्त द्यायला कोण? यांचं वय सदुसष्ट, वर रक्तदाबाच्या गोळ्या, ते बाद. सूनबाईचा भाऊ तयार आहे, माझं मी देईन. तिसरे आमचे चिरंजीव.

चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, “बघू.” बायको त्याची, बाळ त्याचं, आणि बघू. मी त्याला लहानपणापासून ओळखते. सुई दिसली की याचा चेहरा पडतो.

त्याचं सगळंच हल्ली विचित्र झालंय. तीन वर्षं लांबच्या शहरात राहून आला तो निम्मा होऊन. मागच्या वर्षी परदेशातली नोकरी ठरली होती, वैद्यकीय तपासणी झाली, तिकीट तेवढं यायचं होतं, आणि अचानक बारगळलं. कारण विचारलं तर म्हणे कंपनी फसवी होती. तेव्हापासून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, वर्षभर दारूला शिवला नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. पण परवा यांनी चुकून त्याचा रेझर घेतला, तर केवढा आरडाओरडा. हातातून हिसकावून घेतला आणि कचऱ्यात टाकला. हे अर्ध्या गालाला फेस लावून उभेच. “तुझा मुलगा साहेब झाला,” एवढंच म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हेपटायटिस सी तपासायची किट आज संपली. मागणी डिसेंबरातच पाठवली होती. एचआयव्हीची किट खोक्यांनी येतात, तो खर्च बाहेरची संस्था करते. सी मात्र कुणाचाच लाडका नाही. हळूहळू यकृत खातो, वीसवीस वर्षं माणसाला पत्ता लागत नाही, मग कोण आरडाओरडा करणार?

मोठ्या बाईंनी ठरवून दिलं ते असं. रक्त घेणं थांबवायचं नाही. बाकीच्या तपासण्या करायच्या, आणि सी न तपासलेल्या पिशव्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या, तांबडी चिठ्ठी लावून. प्रत्येकीची रक्ताची नळी जपायची, किट आली की तपासायची. तोवर खालच्या कप्प्याला हात लावायचा नाही. अगदीच जीव जात असेल तर डॉक्टरची सही घेऊन द्यायची.

पुरवठा विभागाला फोन केला. तिकडचा कारकून म्हणाला, “ताई, फाइल पुढे सरकली आहे.” मी म्हटलं, फाइल टोचता येत नाही हो पेशंटला. तो हसला. मला हसू आलं नाही.

घरी यातलं काही बोलले नाही. सूनबाई आधीच घाबरलेली आहे, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना तिला कशाला सांगा?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवताना चिरंजीवांना सोलून काढलं. सूनबाईच्या भावानं रक्त दिलं, मी दिलं, आणि हा अजून सर्दीचं कारण सांगतोय. आधी दाढ दुखत होती, मग दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, “दुसऱ्यांच्या पोरांना मी रोज भित्रे म्हणते, आता मला कळलं भित्रा कसा वाढवतात ते.” सूनबाई हसली. बिचारी मनापासून हसली, तिला वाटलं गंमत चालली आहे. तो ताटावरून उठला.

थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात आला. “आई, रक्त घेतल्यावर तुम्ही सगळं तपासताच ना? काही वाईट निघालं तर काय करता?”

“फेकून देतो. नष्ट करतो.”

“आणि ज्याचं असेल त्याला सांगता?”

“त्याला बोलावून सांगतो. अरे, पण तुला काय करायचंय? तुझ्यात भीतीखेरीज काही निघणार नाही.”

“उद्या येतो,” म्हणाला. बोलणी खाल्ल्याशिवाय हलतच नाहीत ही पोरं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आला. सूनबाईला घेऊन आला, तिला आज तपासायचंच होतं. मी मुद्दाम त्याला सगळ्यांसारखंच टेबलाशी उभं केलं, रांगेत. मागचा माणूस म्हणायला नको की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

“कावीळ झाली होती?” “नाही.” “गोंदवून घेतलंय?” “नाही.” “नशेसाठी कधी सुया टोचून घेतल्यात?” त्यानं सूनबाईकडे पाहिलं. ती पोटावर हात ठेवून हसत होती, सासूबाई नवऱ्याची फिरकी घेताहेत म्हणून. “मोठ्यानं बोल,” मी म्हटलं. “नाही,” तो म्हणाला. बाहेरच्या संबंधांचा प्रश्न विचारला तेव्हा रांगेत खसखस पिकली. तोही हसला थोडा.

गट बी पॉझिटिव्ह. पिशवी आठ मिनिटांत भरली, हात थंडगार होता. एचआयव्ही नाही, हेपटायटिस बी नाही, बाकी सगळं स्वच्छ. तांबडी चिठ्ठी लावून खालच्या कप्प्यात ठेवली. नियम म्हणजे नियम.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नात झाली. सूनबाईला वरच्या कप्प्यातल्या, पूर्ण तपासलेल्या दोन पिशव्या लागल्या. दोघी ठणठणीत. यांनी इस्पितळाच्या पायरीवर बसून रडून घेतलं आणि मला म्हणाले डोळ्यात धूळ गेली. मी आज काही तक्रार लिहिणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून हाक आली. एका शिंप्याची बायको, पहिलं बाळंतपण, बाळ बाहेर आलं आणि रक्त थांबेना. बी पॉझिटिव्ह. वरच्या कप्प्यात बीची एकही पिशवी नाही, ओचीही नाही. शेजारच्या शहरातल्या रक्तपेढीला फोन केला, त्यांच्याकडे दोन होत्या, पण गाडी यायला चार तास. तिच्याकडे अर्धा तासही नव्हता. डॉक्टरांची सही असलेला फॉर्म घेऊन नर्स धावत आली, शिंपी तिच्या मागे, गळ्यातली टेप तशीच लोंबत होती. तो नुसता माझ्या हातांकडे बघत होता.

खालच्या कप्प्यात बीच्या तीन पिशव्या होत्या. एक कुणा ट्रकच्या ड्रायव्हरची, एक कॉलेजातल्या मुलाची, तिसरी आमच्या चिरंजीवांची. तिन्हींची जुळवणी करून पाहिली, तिन्ही जुळत होत्या. द्यायची एकच, बाकी गाडी येईपर्यंत ताणायचं असं डॉक्टर म्हणाले.

निवडताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. ड्रायव्हर कुठेकुठे मुक्काम करत असेल देव जाणे. कॉलेजातली पोरं काय करतात ते आपण ऐकतोच. तिसरी पिशवी ज्या अंगातून आली ते अंग मी न्हाऊ-माखू घातलंय. न तपासलेलंच द्यायचं तर त्यातल्या त्यात खात्रीचं द्यावं.

बाई वाचली. संध्याकाळी डोळे उघडून तिनं पाणी मागितलं. शिंप्यानं मला विचारलं, “ताई, कुणाचं रक्त होतं?” सांगायचं नसतं, इतक्या वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता, पण आज मोडला. “माझ्या मुलाचं,” म्हटलं. मला फार बरं वाटलं.

२ मार्च, रविवार

शिंपी घरी आला. पत्ता कुठून काढला कोण जाणे. नातीसाठी त्यानं दोन झबली शिवून आणली होती, मऊसूत, शिवणीची टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचत नाहीत. चिरंजीवांसमोर हात जोडून म्हणाला, “भाऊ, तुमच्यामुळे माझं घर राहिलं.”

चिरंजीवांना काही समजेना. मग मी सांगितलं की त्याची पिशवी शिंप्याच्या बायकोला दिली. त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता लाजेनं पळतो की काय. शिंपी गेल्यावर दार लावून घेऊन म्हणाला, “आई, ती दिलीत तुम्ही? तपासून?”

“नाहीतर काय, न तपासता?”

“सगळं? एकूण एक तपासलं?”

“सव्वीस वर्षं झाली मला, तू मला शिकवू नकोस. सगळं स्वच्छ होतं.”

इथे खरं लिहायला हवं. मी खोटं बोलले. पण खालच्या कप्प्याची भानगड घरात सांगून काय मिळणार होतं? आणि रक्त तर चांगलंच होतं.

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठला तो एकदम वेगळाच. नात झाल्यापासून तिला लांबूनच बघायचा, ‘लहान आहे, पडेल हातातून’ म्हणायचा. आज तिला छातीशी धरून घरभर फिरला, तिच्या टाळूचे, बोटांचे मुके घेतले. सूनबाई म्हणाली, “आई, बघा की, आज यांना काय झालंय.” संध्याकाळी यांचं पातं बोथट झालं होतं तर स्वतःहून आपला रेझर दिला. एका माणसाच्या आभारानं पोरगं किती बदलतं. त्याला दमात घेऊन रक्त द्यायला लावलं ते बरंच झालं म्हणायचं.

५ मार्च, बुधवार

किट आली. एक खोकं, पन्नास नग. आल्या आल्या जपून ठेवलेल्या नळ्या काढल्या आणि ओळीनं लावल्या. एकोणीस होत्या. ड्रायव्हर स्वच्छ. कॉलेजचा मुलगा स्वच्छ.

अकराव्या नळीला दोन रेघा आल्या, म्हणजे आजार आहे. नंबर वाचला आणि मला वाटलं चिठ्ठी चुकीची लागली. नवी किट फोडून परत लावली. दोन रेघा. तिसरी लावली, तिसऱ्यांदा मीच नळीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. कुणी ऐकायला नव्हतं. दोन रेघा.

दोन किट माझ्यासाठी वाया घालवल्या. नंतर किती तरी वेळ मी हात धूत उभी होते.

६ मार्च, गुरुवार

त्याला दुकानातून बाहेर बोलावलं. मला वाटलं होतं तो नाकारेल. नाही नाकारलं.

“तिकडे असताना, आई. सात-आठ महिने. चौघांत एकच सुई असायची. सोडलं मग. नोकरीच्या तपासणीत निघालं, तेव्हा कळलं.”

“आणि तू रक्त दिलंस?”

“तूच म्हणालीस, वाईट निघालं तर फेकून देता. मला वाटलं, पकडलं जाईल, तू मला बाजूला घेऊन विचारशील, मग सांगेन. मग तू म्हणालीस सगळं स्वच्छ होतं. मला वाटलं आपोआप बरं झालं असेल. काहींचं होतं म्हणे.” तो रस्त्यातच खाली बसला. “आई, मी तिचे मुके घेतले.”

मुके घेतल्यानं होत नाही, एवढं तरी मला सांगता आलं. रेझरबद्दल विचारलं. यांना दाढी करताना कापलं होतं का, ते आठवेना.

सूनबाईला संध्याकाळी त्यानंच सांगितलं. तिचं रक्त मी घरीच काढलं, उद्या तपासेन, यांचंही. ती रडली नाही. बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, टेबलाशी मी त्याला स्वच्छ विचारलं होतं, तेव्हा का नाही बोलला? ती वळली. “माझ्यासमोर विचारलंत, आई. रांग उभी होती. मी हसत होते. काय बोलणार होता तो?”

मी तिच्या रक्ताची नळी डब्यात घातली आणि झाकण लावलं.

७ मार्च, शुक्रवार

सूनबाईचं, यांचं दोघांचं रक्त आज स्वच्छ आलं. तीन महिन्यांनी परत बघायचं, तोवर यावर विसंबता येत नाही.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “फॉर्मवर डॉक्टरांची सही आहे. जीव जात होता, तो वाचवला. कागदावर तुमची चूक नाही.”

“आणि ती बाई?”

“तिला आज तपासलं तर काही दिसणारही नाही. दोन-तीन महिने लागतात. आणि एकदा का गावात बोभाटा झाला की रक्तपेढीतून आजार मिळतो, तर उद्यापासून एक माणूस रक्त द्यायला येणार नाही. किती बायका जातील त्यात, हिशेब करा. मी सांगू नका म्हणत नाही. थांबा म्हणते.”

खोटं नाही ते. मला त्यांचं म्हणणं पटावं असं फार वाटतंय. शिवाय सांगितलं तर चिरंजीवांचं नाव निघणारच, कारण ते मीच सांगून बसले आहे. या गावात त्याला दुकानात कोण उभं करेल? सूनबाईच्या माहेरी काय म्हणतील? आणि मला या टेबलाशी कोण बसू देईल? हा शेवटचा विचार मी शेवटी लिहिला, पण आला सगळ्यात आधी.

दुसरीकडे, यावर आता गोळ्या आहेत. तीन महिन्यांचा कोर्स, बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. पण आजार आहे हे ज्याला ठाऊकच नाही तो गोळ्या कशाला घेईल? ती पंचवीसची आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी पोट फुगेल तेव्हा कुणाला आठवणार ही पिशवी?

आज आतल्या खोलीतला बंद फ्रिज चार माणसं लावून बाहेर काढला. खुर्च्या भंगारात दिल्या. त्याचा त्या बाईला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

९ मार्च, रविवार

शिंप्याच्या घरी गेले. पुढे दुकान, मागे एक खोली. रविवार असूनही मशिन चालू होतं. मला पाहून त्यानं लगबगीनं स्टूल पुसलं, म्हणाला, “झबली लहान झाली का? शिवण उसवून सैल करून देतो.”

मी सरळ सांगितलं. तपासणीची किट नव्हती, पिशवी न तपासता दिली, आता त्या रक्तात आजार निघाला. माझ्या मुलाला तो आहे. मी तीन पिशव्यांतून ती निवडली. गोळ्या आहेत, औषध मिळतं, मी स्वतः सगळीकडे बरोबर येईन.

त्यानं मशिनवरचा पाय काढला. आरडाओरडा करेल, हात उचलेल, असं धरून मी गेले होते. तो म्हणाला, “बाकीच्या दोन?”

“त्या चांगल्या होत्या.”

त्यानं मान हलवली, जणू मापच सांगितलं होतं मी. मग म्हणाला, “मला नका सांगू, ताई. तिला सांगा. मी नाही सांगू शकत.” आणि पडदा बाजूला केला.

ती आत खाटेवर बसली होती, अजून फिकट, बाळ मांडीवर, नुकतंच उठून रडायला लागलेलं. मला ओळखून ती हसली आणि पदर सावरून बाजूला सरकून बसायला जागा करून दिली. मी उभ्यानंच सगळं परत सांगितलं, हळू आवाजात. ती ऐकत गेली.

सांगून झालं तेव्हा बाळ जोरात रडत होतं, तोंड तिच्या अंगावर घासत होतं. तिनं विचारलं, “याला पाजू ना?”

“पाज. दुधातून जात नाही. नक्की जात नाही.” हे मला पक्कं ठाऊक आहे. पुस्तकात आहे, बाळंतिणींना मी कितीदा सांगितलंय.

ती माझ्याकडे बघत राहिली. बाळ रडून लाल झालं होतं, तरी तिनं त्याला जवळ घेतलं नाही.

“मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते,” ती म्हणाली.